दोन कुप्या, त्यातली एक कफनाची

२०२२ साली मी शहात्तर वर्षांचा होतो. सोलापूरच्या एका दवाखान्यात बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी ती खाटेवरून म्हणाली, "उद्या येताना माझं अत्तर आणा की." कुठलं, ते मी विचारलं नाही. मान हलवून निघालो.

घरी येऊन तिची ट्रंक उघडली आणि तिथंच अडकलो. तिच्याकडे अत्तराच्या दोन जुन्या कुप्या. एक आमच्या निकाहातली, ईदला काडीच्या टोकानं थेंबभर लावायची. दुसरी तिच्या आईनं हजहून आणलेली. ती तिनं स्वतःच्या कफनाच्या कापडात गुंडाळून ठेवली होती. आमच्यात म्हातारी माणसं कफन आणि मयताला लावायचं अत्तर आधीच तयार ठेवतात. त्यात भिण्यासारखं काय आहे, असं मीच चारचौघांत सांगत आलो. पण गेल्या पावसाळ्यात ट्रंकेत पाणी गेलं, तेव्हा सुनेनं सगळं पुसून दोन्ही कुप्या एका डब्यात ठेवल्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या तर कधीच गळून गेलेल्या.

उघडून बघितल्या. एक मोगरा, एक चमेली. दोन्ही लई गोड, जुन्या काकवीसारखी दाट झालेली. निकाहाच्या दिवशी माझ्या तोंडावर फुलांचा सेहरा होता. त्यातून नवरीच्या अत्तराचा वास मला कुठला येणार? पुढं सगळी उमर ट्रकवर गेली. घरी यायचो तेव्हा नाकात डिझेलच असायचं.

सून म्हणाली, "अब्बा, अम्मीला फोन लावून इचारा की."

"बायकोचं अत्तर नवऱ्याला वळखू येत न्हाय व्हय? मी न्हाय इचारणार."

"मग मी इचारते."

"ठेव तो फोन खाली!"

तिनं फोन खाली ठेवला. मी अभिमानानं बोललो असं तिला वाटलं असेल. मला भीती वाटत होती. बायकोला विचारलं आणि ती म्हणाली, कफनाचंच आणा, तर? म्हणजे तिनं मनातून जायची तयारी केली. आणि न विचारता माझ्याच हातानं चुकून तिला ते लावलं, तर? घाटात भरल्या ट्रकचा ब्रेक गेला होता तेव्हाही मी एवढा भ्यालो नव्हतो. कुपीचं झाकण बसेना.

सकाळी अंघोळ केली. मोगरा उजव्या कानामागं लावला, चमेली डाव्या. कफनाचं जे असेल ते आधी माझ्या अंगाला लागू दे, म्हटलं. दोन्ही कुप्या खिशात घालून दवाखान्यात गेलो.

तिनं लांबूनच नाक वर केलं. "दूल्हा बनके आए क्या?"

मी कुप्या तिच्यापुढं धरल्या. तिनं मोगरा उचलला. "हे माझं. आन् ते कफनाचं हाय, तुमी कशाला लावलं?"

मी ती कुपी तिच्याकडून घेतली. तिच्या मनगटाला मोगरा लावला. मग चमेलीची कुपी तळहातावर उपडी केली आणि थेंबन् थेंब तिच्यादेखत माझ्या दाढीत चोळून संपवला.