माझं डुक्कर आनंदी आहे

लुआताई मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या ग्रामकार्यालयात वीस वर्षं तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. मी बिएन, आकडेवारीचा कारकून. ती जनावरांची डॉक्टरीण. खरी डॉक्टर नव्हे, दोन वर्षांचा कोर्स करून मोटारसायकलला लशीची बर्फपेटी बांधून गावभर फिरणारी. एक्कावन्न वर्षांची बाई, हाडापेराने दणकट, आवाज त्याहून दणकट. बुटाला कायम शेण. दुपारी जेवताना ती रेड्यांच्या जुलाबावर बोलायची आणि आम्हा सगळ्यांच्या आधी स्वतःचा भात संपवायची.

ज्या वर्षी डुकरांचा ताप आला, त्या वर्षी सगळं गाव माझ्या मताचं झालं. त्या तापाला औषध नव्हतं, लस नव्हती. वरचा हुकूम असा की गोठ्यात एक जरी डुक्कर आजारी निघालं तरी सगळी मारायची आणि चुन्यात पुरायची. हुकूम वरचा, पण दारात यायची ती लुआ. पहाटे पाचला गावच्या भोंग्यावर घरांची नावं वाचली जायची आणि सातला ती हजर. तीनशे एकोणीस डुकरं तिने पुरली. गावातल्या क्वेन नावाच्या पोरीच्या आईच्या अकरा डुकरिणी गेल्या, त्यातल्या चार गाभण. ती माउली खड्ड्याच्या काठावर बसून लुआच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि लुआ तोंडावरचा मास्क न काढता मोजत होती, आठ, नऊ, दहा. माझ्या दोन गेल्या. एकीचा डावा कान काळा होता. नववर्षाच्या सणाला चार घरं मिळून एक डुक्कर कापायची आमची रीत आहे. त्या सणाला आम्ही मासे खाल्ले आणि तिला शिव्या घातल्या.

पुढच्या वर्षी दुसरा हुकूम आला. कार्यालयातल्या प्रत्येकाने इंग्रजीची परीक्षा पास व्हायची, आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याचं नाव नोकरीवर ठेवायच्या जूनच्या यादीत नसेल. आमच्याकडे कोणी परदेशी माणूस येत नाही. आलाच तर रस्ता चुकून येतो. पण यादी ती यादी. माझं एक वेळ भागलं असतं, बायकोचं दुकान आहे. लुआला ना नवरा ना शेत. ती बर्फपेटी गेली की तिच्यापाशी काही उरणार नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मलाही नाही.

शिकवणी प्राथमिक शाळेतल्या तिसरीच्या वर्गात, रोज चार ते सहा. शिकवायला कोण, तर क्वेन. त्याच अकरा डुकरिणींच्या घरची पोरगी. त्या डुकरिणींच्या पिल्लांच्या पैशावरच ती शहरात शिकली होती. वय चोवीस, बोलणं मोजकं, आणि लुआकडे बघताना डोळे असे की वर्गात गारठा सुटावा.

पहिल्याच दिवशी लुआ म्हणाली, "क्वेन, पोरी, आमच्या जुन्या डोक्यांत शिरेल असं शिकव हो."

"इथे मला बाई म्हणायचं," क्वेन म्हणाली. "आणि बोलताना उभं राहायचं."

लुआ उभी राहिली. तिसरीच्या पोरांचं बाक ते, गुडघ्यात अडकून तिच्याबरोबर तेही उठलं. आम्ही पोट धरधरून हसलो. नंतर मला कळलं की मी सगळ्यांत शेवटी थांबलो होतो.

तोंडी परीक्षेचा विषय होता प्राणी. भिंतीवरच्या तक्त्यावरून क्वेन शब्द घोकून घ्यायची. पीकॉक, डॉल्फिन, कांगारू. पन्नाशीतला जमीन खात्याचा माणूस पिसारा फुलवून 'पीकॉक' म्हणायचा आणि घरी जाऊन विसरायचा. लुआला या जनावरांशी काही घेणं नव्हतं.

"बाई, गाभण डुकरिणीला काय म्हणतात?"

"परीक्षेत येत नाही."

"अंग तापलंय, खात नाही, असं सांगायचं झालं तर?"

"काकू," क्वेन म्हणाली. सबंध शिकवणीत तिने हे एकदाच काकू म्हटलं. "तुम्ही परीक्षेला बसलाय की माझ्या आईच्या गोठ्यात?"

कोणी हसलं नाही. लुआ खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहायला लागली.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. ती लसीकरणाची जुनी वही होती. डाव्या पानावर कोणाच्या रेड्याला कधी टोचलं ते, आणि उजवं पान कोरं. त्या कोऱ्या पानांवर ती स्वतः शोधलेले शब्द लिहायची. मी शेजारीच बसायचो, मला सगळं दिसायचं. ताप. चुना. खड्डा. इथवर ठीक होतं. मग एके दिवशी पाहिलं तर खाली आणखी लिहिलेलं: कालवा. पोतं. फेकणे. लपवणे. समोर इंग्रजी शब्द, ठळक अक्षरात, दोनदा गिरवलेले.

ते चार शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले.

ताप आमच्या गावात कुठून आला हे कार्यालयाला कधीच कळलं नाही. मला माहीत आहे. माझ्या गोठ्यातून. सगळ्यांत आधी माझी चार पिल्लं मेली. सांगितलं असतं तर दोन्ही डुकरिणी त्याच दिवशी गेल्या असत्या. मी पिल्लं पोत्यात भरली आणि पहाटेच्या धुक्यात पोतं कालव्यात सोडून दिलं. तो कालवा क्वेनच्या आईच्या गोठ्यामागून जातो, आणि ती डुकरांना त्यातलंच पाणी पाजते. दहा दिवसांनी तिची पहिली डुकरीण आडवी झाली.

पोतं निवडताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जनगणनेचे फॉर्म ज्यातून आले होते ते पोतं होतं ते, वर कार्यालयाचं नाव छापलेलं. लुआला ते कालव्याच्या दारापाशी अडकलेलं सापडलं. एका दुपारी तिने ते धुऊन, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं. "तुझं आहे," म्हणाली आणि जेवायला गेली. पुन्हा कधी त्यावर एक शब्द नाही. तिने आरडाओरडा केला असता, मला चव्हाट्यावर आणलं असतं, तर माझा तिच्यावरचा राग तिथेच संपला असता. ती गप्प राहिली, म्हणून मी तिचा दुस्वास करत राहिलो. आणि आता ते सगळे शब्द इंग्रजीतून गोळा करत होती.

परीक्षेच्या महिनाभर आधी क्वेनने पाठ करायला निबंध दिला. आमच्याकडे असंच असतं, शाळेपासून. एक निबंध, तो सगळ्यांनी तोंडपाठ करायचा. माझ्याकडे एक कुत्रा आहे. त्याचं नाव लुलू. तो तपकिरी आहे. मी घरी आलो की तो शेपूट हलवतो. तीस जणांना एकच लुलू. फक्त लुआच्या हातात तिने वेगळा कागद दिला.

"मला लुलू का नाही?" लुआने विचारलं.

"तुम्हाला डुकरांची माहिती जास्त. वाचा."

लुआने उभं राहून वाचलं. माझ्याकडे एक डुक्कर आहे. त्याचं नाव पिंकी. ते गुलाबी आहे. ते रोज खातं आणि झोपतं. मी त्याची काळजी घेते. माझं डुक्कर आनंदी आहे.

त्यानंतर रोज सहाला पाच कमी असताना क्वेन तिला उभं करायची. आम्ही शेवटच्या वाक्याची वाट बघायचो. ज्यांच्या गोठ्यात आता नुसता चुन्याचा वास होता ती माणसं ते वाक्य ऐकायची आणि खिदळायची. "मोठ्याने," क्वेन म्हणायची, "मागे ऐकू येत नाही." लुआ मोठ्याने म्हणायची. तिचा चेहरा तांबडालाल व्हायचा, पण एक दिवस चुकवला नाही तिने. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो. भीतीने हसायचो, हे तेव्हा मला तरी कुठे कबूल करायचं होतं.

परीक्षा मे महिन्यात, तालुक्याला. तोंडी परीक्षेला दोघादोघांना आत घेत. क्रम टेबलांच्या क्रमाने, म्हणजे माझ्याबरोबर लुआ. आत जिल्ह्याहून आलेला परीक्षक, चष्मा कपाळावर चढवलेला, पुढ्यातला चहा गार झालेला. दाराशी घड्याळ घेऊन क्वेन, वेळ सांगायला.

मी लुलू म्हणून दाखवला. परीक्षक सकाळपासून लुलूच ऐकत होता. "हाही शेपूट हलवतो वाटतं," एवढंच म्हणाला आणि गुण मांडले.

मग लुआ. तिने पिंकी सुरू केली आणि परीक्षकाने चष्मा डोळ्यांवर घेतला. शेवटच्या वाक्याशी ती थांबली. ते वाक्य म्हणालीच नाही.

"तुमची पिंकी आता कुठे असते?" त्याने इंग्रजीत विचारलं, सावकाश.

"पिंकी नाही," लुआ इंग्रजीत म्हणाली. "खोटं आहे. मी डुकरांची डॉक्टर. मागच्या वर्षी ताप. तीनशे एकोणीस डुकरं जमिनीखाली. मी पुरली." दोन्ही पंजे तिने टेबलावर ठेवले. "हिच्या आईच्या अकरा. चार पोटुशा. ह्याच्या दोन. एक कान काळा."

क्वेनने मान खाली घातली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिने लुआवरून नजर काढली असेल. परीक्षक पुढे झुकला. त्या माणसाला दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी सांगत होतं.

"आणि हा ताप तुमच्या गावात आला कसा?"

लुआने माझ्याकडे पाहिलं. तिच्या वहीतलं उजवं पान मला पाठ होतं. कालवा, पोतं, फेकणे, लपवणे. चार शब्द. चार शब्दांत पूर्ण उत्तर, आणि दाराशी क्वेन ऐकत बसलेली.

"मला शब्द येत नाहीत," लुआ म्हणाली.

"प्रयत्न करा. साधे शब्द चालतील."

"येत नाहीत."

"माणसांनी आणला? पाण्यातून आला?" तो बिचारा तिच्या हाती उत्तर ठेवत होता. "ह्या प्रश्नाला पाच गुण आहेत."

"येत नाहीत," लुआ तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिथल्याही भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावरच्या मोराकडे बघत बसली. मग क्वेन अगदी हळू आवाजात म्हणाली, "वेळ संपली."

निकाल पंधरा दिवसांनी कार्यालयाच्या दारावर लागला. मी पास. तीसच्या तीस लुलू पास. लुआ तीन गुणांनी नापास. ती टेबलाचा खण रिकामा करत होती तेव्हा मी जवळ गेलो. का गेलो कोण जाणे.

"ताई," मी म्हणालो, "शब्द येत होते तुम्हाला. मी पाहिलेत वहीत."

"येत होते."

"मग माझ्यासाठी कशाला..."

"तुझ्यासाठी?" ती हसली. "तुझ्या तोंडावर थुंकायलाही मी वाकणार नाही. अरे, डॉक्टरीण चुगली करते हे एकदा गावाला कळलं, की पुढच्या वेळी डुक्कर खायचं थांबलं तर मला बोलावणार कोण? सगळे तुझ्यासारखे पोतं शोधतील."

"पण आता तुम्ही डॉक्टरीण नाही."

"नाही ना," ती म्हणाली. खण बंद केला, वही बर्फपेटीत टाकली आणि बर्फपेटी कार्यालयाची आहे हे आठवून वही परत बाहेर काढली. मग तशीच हातात धरून चालत घरी गेली.

आता मंगळवारी तालुक्याहून एक तरुण माणूस येतो. त्याला पीकॉक येतं. गाभण डुकरिणीला तो हात लावत नाही.

मागच्या सणाला क्वेनच्या आईने नव्या खेपेतलं पहिलं डुक्कर कापलं. शेजारपाजारच्या घरांत वाटा पाठवला, आणि माझा वाटा घेऊन ती स्वतः आली. मांडीचा मोठा तुकडा, केळीच्या पानात बांधलेला. "बिएनदादा, तुमच्याही दोन गेल्या होत्या," म्हणाली. "त्या अवदसेपासून सुटलो एकदाचे. खा पोटभर."

मी खाल्लं. चांगलं शिजलं होतं.