टिंबबाई आणि लाल रेघ

शाळेत त्यांना सगळे टिंबबाई म्हणत. पाचवीला दशांश अपूर्णांक शिकवताना त्या फळ्यावर दशांशचिन्ह असं ठणकावून देत की खडूचा तुकडा उडून पहिल्या बाकावर पडे. टिंब चुकलं की सगळंच चुकलं, हे त्यांचं पालुपद. बाईंना या नावाची पूर्ण कल्पना होती आणि रागही नव्हता. त्यांच्यात खोड होती ती एकच, काळजीची. नवऱ्याला बाजारातून यायला जरा उशीर झाला, की बाई मनातल्या मनात त्याला दवाखान्यात दाखल करून, डबा कोणी न्यायचा इथपर्यंत पोचत. मग तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला की उलट त्यालाच बोलणी बसत.

त्या दिवशी शेवटच्या तासाला लहान-मोठी संख्या ओळखणं चाललं होतं. फळ्यावर ०.५ आणि ०.२५ लिहून बाईंनी खिडकीजवळच्या एका अबोल मुलीला पुढे बोलावलं. घरी भाऊ झाला तेव्हा ही मुलगी बरेच दिवस शाळेत नव्हती, आणि दशांश-शतांशाची ओळख नेमकी तेव्हाच होऊन गेली होती. तिनं जरासुद्धा न अडखळता लहान-मोठेपणाच्या चिन्हाचं तोंड ०.२५ कडे उघडलं. पंचवीस पाचापेक्षा मोठे, त्यात विचार कसला करायचा? बाईंना या चुकीचा राग येईनासा झाला होता. दर वर्षी अर्धा वर्ग याच खड्ड्यात पडायचा आणि बाई एकेकाला हात देऊन वर काढायच्या. त्यांनी खडू उचलला, तेवढ्यात मुलगी आपणहून बोलली.

"बाई, मी रोज बाळाला पॉइंट पंचवीस औषध देते. खूप असतं ते."

वर्ग खो खो हसला आणि त्यातच घंटा झाली. मुलगी सगळ्यांच्या आधी पळाली, कारण बाळाच्या औषधाची वेळ झाली होती.

बाई फळा पुसायला लागल्या. ०.५ पुसलं गेलं, डस्टर ०.२५ वर आलं आणि हात तिथंच थांबला. लहान मुलांना औषध पाजायची ती बोटाएवढी, बिनसुईची सिरिंज त्यांच्या डोळ्यांपुढे आली. जिला ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठं वाटतं, ती ते सिरिंजवर शोधणार कुठं? अर्ध्याच्या पुढं. म्हणजे बाळाच्या पोटात दुप्पट औषध, कदाचित चौपट, आणि तेही रोज. ऑफिसातून त्यांनी मुलीच्या आईला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मग पत्ता घेतला आणि डबा टेबलावर तसाच टाकून त्या निघाल्या. वाटेत त्यांनी स्वतःला मनसोक्त फैलावर घेतलं. पोरीला चार दिवस थांबवून तो धडा शिकवायला काय झालं होतं? नंतर बघू, नंतर बघू म्हणत राहिलं आणि हे असं होऊन बसलं.

खाली कपडे धुण्याचं दुकान, वर अरुंद जिना, आणि जिन्यात वाफेचा नि साबणाचा वास. धापा टाकत बाई वर पोचल्या. दार उघडंच होतं. आजोबांच्या मांडीवर बाळ, आणि समोर भरलेली सिरिंज घेऊन मुलगी.

"थांब," बाई दारातूनच ओरडल्या.

आजोबा दचकले. बाळ मात्र मजेत पाय झाडत होतं. बाईंनी सिरिंज घेऊन उजेडात धरली. औषध एका लाल रेघेला बरोबर टेकलं होतं. रेघ नेलपॉलिशची होती, आणि ती ०.२ आणि ०.३ च्या अगदी मधोमध होती.

आजोबांना ते बारीक आकडे दिसत नसत आणि सून संध्याकाळपर्यंत कामावर. म्हणून तिनं डॉक्टरांच्या समोरच ती रेघ मारून घेतली होती. लाल रेघेच्या वर एक थेंबही नाही, असा दम ती रोज देऊन जायची.

"आकडे वाचतंय कोण इथं?" आजोबा म्हणाले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. मिळाली त्या खुर्चीवर त्या बसल्या आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. बाळानं औषध घेतलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा पाय झाडायला लागलं.

घरात एक बिनरेघेची जुनी सिरिंज होती. बाईंनी वाटीत पाणी घेतलं आणि मुलीला ०.२५ भरायला सांगितलं. तिनं दट्ट्या ओढला तो ०.५ च्या पुढं, आणखी पुढं, पार १ पर्यंत.

"इथं तर संपली, बाई."

"पॉइंट दोन म्हणजे पॉइंट वीस, पॉइंट तीन म्हणजे पॉइंट तीस. आता शोध," बाई म्हणाल्या. मुलगी आकडे पुटपुटत हळूहळू माघारी आली, ०.३ च्या खाली थांबली आणि पाण्याकडे बघत राहिली.

"एवढंसंच? मग मी बाळाला खूप देत नव्हते?"

"नव्हतीस गं."

मुलीनं केवढा तरी श्वास सोडला. एवढ्याशा जिवाला आपण खूप औषध पाजतोय, अशी धास्ती ती इतके दिवस एकटीच मनात घेऊन फिरत होती. काळजी करणारं आणखी कुणीतरी भेटलं, म्हणून बाईंनी तिला जवळ घेतलं.

पुढं बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी, वर्ग भरायच्या आधीच मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, डॉक्टरांनी जुनी रेघ पुसायला लावली. आता पॉइंट तीन. आजोबा घाबरले, म्हणाले पंचवीसवरून एकदम तीनवर कसं आणलं? मी म्हटलं, आणलं नाही, वाढवलंय. बाळाचं वजन वाढलंय ना. नवी रेघ मीच मारली."

बाईंनी फळ्यावर ०.३ लिहिलं, आणि टिंब दिलं ते असं की खडूचे दोन तुकडे झाले. मग न राहवून विचारलंच, रेघ डॉक्टरांना दाखवलीस ना?

दाखवली होती.