समुद्राचं रील घ्यायला आम्ही आटपाडीला गेलो

कोरेगावातून समुद्र गाठायचा तर पश्चिमेला तोंड करून, घाट उतरून, चार-पाच तास गाडी हाणावी लागते. खोल समुद्रातल्या मासेमारीचं रील घ्यायला आम्ही निघालो ते बरोबर उलट्या दिशेला. तेव्हा कुणी असाच बेत करत असेल तर हा रस्ता माझ्याकडून ऐकून घ्या, आणि शक्य असेल तर घरीच बसा.

रील म्हणजे मोबाइलवरचं नाही हं. गळाच्या काठीला दोर गुंडाळायचं जे चाक असतं ते. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, फौजेतून रिटायर्ड झालेले हवालदार. नोकरीत असताना पोर्ट ब्लेअरला एका साहेबाने त्यांना बोटीवर नेलं होतं. शिशाचा खोटा मासा तळापर्यंत सोडायचा, मग झटके देत वर आणायचा, परत सोडायचा. याला जिगिंग म्हणतात. आप्पांच्या गळाला एक मोठा मासा लागला, आप्पांनी तो सोडायचा नाही म्हणून रीलचा ब्रेक गच्च आवळला, आणि दोर तुटला. तो मासा आमच्या घरात तीस वर्षं जेवतोय. दर जेवणाला त्याचा विषय असतो आणि दर वर्षी तो एक किलोने वाढतो.

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मागे राहिला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. "आगं पोरी, हात गेला न्हाई, रजेवर हाय," म्हणतात. अशात मालवणच्या त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताचा फोन आला: बोट माझी, पुढच्या महिन्यात या. झालं! घरात रणशिंग फुंकलं गेलं.

माझा नवरा सीमेवर. तो फोनवर म्हणाला, "आप्पांना समुद्रावर सोडू नकोस, बाकी काय वाट्टेल ते कर." सांगायला काय जातंय त्याचं! मी एक अट घातली. रील स्वतःच्या हाताने फिरवून ओझं ओढून दाखवायचं, तरच बोट. नाहीतर विषय बंद, काठी माळ्यावर. आप्पा लगेच हो म्हणाले. आणि खरं सांगते, मी ही अट ते हरावेत म्हणूनच घातली होती. मला समुद्राची भीती वाटते आणि मला पोहता येत नाही. आप्पांनाही येत नाही, पण ते हे कुणाला सांगत नाहीत.

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड. सध्या कारखाने चालू आहेत, त्यामुळे मसूरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्येच जायचं, चिडायचं नाही. आप्पा प्रत्येक ट्रॉलीला ऊस कसा बांधलाय यावर मार्क देत होते. कऱ्हाडला मिसळ खाल्ली. पुढे हायवेने पेठ नाका, तिथून आष्ट्यावरून सांगली. साडेअकराला विश्रामबागेत पोचलो.

सांगलीत समुद्री रील विकणारा माणूस आहे हेच मला पटत नव्हतं. पण आहेत. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले एक सर. अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर राहतात, दिवाणखान्यात काचेच्या कपाटात रीलं मांडलीत, वर गणपती. वर्षातून दोनदा रत्नागिरीला जाऊन मासे धरतात आणि सोडून देतात, कारण सर शुद्ध शाकाहारी. घरात कांदासुद्धा चातुर्मासात चालत नाही.

सरांनी दोन रीलं काढली. पहिलं काठीच्या वर बसणारं, आडवं, डब्यासारखं. ताकद भरपूर, पण मूठ उजव्या बाजूला कायमची. दुसरं काठीच्या खाली लोंबणारं. जरा अवजड, पण त्याची मूठ काढून डावीकडे लावता येते, एक मिनिटाचं काम. दोन्हींचा ब्रेक खाऱ्या पाण्याने न बिघडणारा. सर म्हणाले, "हवालदारसाहेब, चाक भराभर फिरणारं घेऊ नका. जड गिअर हाताला भारी पडतो. एका फेऱ्यात कमी दोर आला तरी चालेल, हाताला हलकं पाहिजे. तुमच्यासाठी मी खालचं रील सुचवेन."

"वरचंच द्या," आप्पा म्हणाले. "साहेबाकडं तसलंच हुतं."

"पण मूठ उजवीकडे आहे हो."

"मग? माझा हात बी उजवीकडंच हाय की."

सर शिक्षक माणूस, प्रयोगाशिवाय मानणार नाहीत. आम्हाला गच्चीवर नेलं. "सांगलीत समुद्र नाही, पण उंची आहे," म्हणाले. दोराला अर्धी बादली पाणी बांधून कठड्यावरून खाली सोडली. आप्पांनी काठी काखेत धरली आणि उजव्या हाताने मूठ फिरवायला घेतली. मी कठड्यावरून वाकून बघत होते.

बादली दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि अडकली. आप्पांनी दोनदा जोर लावला, मूठ फिरेना. मला बरं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, पण बरं वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक काकू आल्या. डोळ्यासमोर लोंबणारी बादली बघून दचकल्या नाहीत की काही नाही. वर बघून मला हातानेच विचारलं, घेऊ का? आणि माझी मान हलली. कशी हलली, देव जाणे! काकूंनी सगळं पाणी कुंड्यांना घातलं आणि बादली परत सोडली.

आप्पांनी ती हां हां म्हणता वर आणली. सर तोवर कागदावर आकडे मांडत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांच्या कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की मी गप्प बसले. बादली कोरडी का, हे सरांनीही विचारलं नाही. फिजिक्सच्या माणसाने!

"पण बादली पळत नाही," सर म्हणाले. "मासा पळतो. पळणाऱ्या ओझ्यावर चाचणी व्हायला हवी."

आप्पांनी मांडी थोपटली. "बिरूचा एडका!"

बिरूतात्या आटपाडीचे मेंढपाळ. पिकं निघाली की खतासाठी आमच्या रानात त्यांची मेंढरं बसायची, तेव्हापासूनची ही जोडी. आता कळप घेऊन मुलं फिरतात, तात्या घरी असतात आणि त्यांच्याजवळ माडग्याळी जातीचा एक एडका, म्हणजे मेंढा, आहे, पोपटाच्या चोचीसारख्या नाकाचा. सरांना ही कल्पना फारच आवडली. दोन्ही रीलं दिली, नको ते परत पाठवा म्हणाले, आणि वर बजावलं, "एडक्याचं वजन मात्र लिहून कळवा."

सांगलीत भडंग घेतलं (दोन पुडे घ्या, एक गाडीतच संपतो) आणि तासगाव, भिवघाट करत आटपाडीला निघालो. भिवघाटानंतर ऊस संपतो, माळ सुरू होतो आणि मधेच हिरव्यागार डाळिंबाच्या बागा. रस्ता चांगला आहे, पेट्रोल मात्र तासगावातच भरून घ्या. ऊन असतानाच पोचलो. तात्यांच्या घरी बाजरीची भाकरी, रस्सा, आणि पाहुणी म्हणून मला नवीकोरी घोंगडी मिळाली. बाहेर कुठल्याही लॉजच्या भानगडीत पडू नका, ओळख काढा.

शनिवारी सकाळी चाचणी. एडक्याचं नाव सरपंच. तात्यांनी काठी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. "आवं आप्पा, येवढ्याशा दोऱ्यानं मासा वढायचा? मासा हाय का बोंबील?"

"तू बघ तर गड्या."

दोर सरपंचाच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधला. आधी वरचं रील. आप्पांनी ब्रेक गच्च आवळला, अगदी पोर्ट ब्लेअरसारखा. तात्यांनी आरोळी दिली, सरपंच उधळला, आणि त्याच्यामागे काठी, काठीमागे आप्पा, आप्पांच्या स्वेटरला धरून मी, अशी आमची वरात माळावरून निघाली. शेजारच्या बागेतल्या बायका काम टाकून बांधावर उभ्या राहिल्या.

"सोडा की वं!" तात्या ओरडले. "एडक्याला कुनी आवळून धरतंय व्हय? त्येला पळू द्यावं, आपुन मागनं जावं. दमला की उभा ऱ्हातोय. तवा जवळ घ्यायचं. हयात ग्येली माझी, एक जनावर वढून आनलं न्हाई."

आप्पा उभे राहिले. आवळलेल्या ब्रेककडे बघत राहिले. तीस वर्षं ज्या माशाचं खापर त्यांनी दोरावर फोडलं, त्याचं काय झालं ते बहुतेक तिथे, त्या माळावर त्यांना कळलं. मग म्हणाले, "दुसरं रील लाव, पोरी. ब्रेक ढिला ठिव."

या वेळी सरपंच पळाला, दोर सरसर सुटत गेला, आणि डाळिंबाच्या कुंपणाशी तो थांबला. आप्पांनी मूठ फिरवायला घेतली. दोर ताणला, सरपंच हलेना. आप्पांचा श्वास लागला. तेवढ्यात आप्पांच्या मागे उभ्या तात्यांनी मुठीतले मक्याचे दाणे दाखवले, आणि सरपंच एवढा धावत आला की दोराचा गुंता झाला.

"पास!" तात्या म्हणाले, आणि मला डोळा मारला.

परतीचा रस्ता दिघंची, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव. दहिवडीला चहाला थांबलो. आप्पा खुशीत होते, बोटीवर काय काय न्यायचं याची यादी सांगत होते. मला ऐकवेना. शेवटी बोलून टाकलं.

"आप्पा, बादलीतलं पाणी काकूंनी काढून घेतलं होतं. आणि सरपंचाला तात्यांनी मका दाखवला."

आप्पांनी कप दोन्ही हातांनी खाली ठेवला. "ठाव हाय मला. भरली बादली अन् मोकळी बादली हाताला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाही?"

"तू बोलतीस का न्हाई, त्ये बघत हुतो. समदी मला पास करत्यात, पोरी. डाक्टर करतोय, बिरू करतोय, फोनवर पोरगा करतोय. खरं कोन सांगनार मला? घरला गेल्यावर तू वढ. पन खरं वढ."

उन्हं उतरायच्या आत घरी पोचलो. अंगणात मी कमरेला पोतं गुंडाळलं, वर दोर बांधला आणि गोठ्याच्या दारापर्यंत मागे गेले. आप्पा खालचं रील घेऊन पायरीवर बसले, तिथपासून बारा पावलं. टाचा रोवल्या. मला हसू येत होतं आणि रडूही.

मी खरंच ओढलं. शपथ घेऊन सांगते. आधी मी जोर केला तर दोर सुटत गेला, आप्पांनी जाऊ दिला. मी दमले तसा मुठीचा आवाज आला. टक. टक. एक पाऊल. आप्पा थांबले, हात झटकला, परत टक. आठ पावलं माझी गेली आणि आप्पांचा उजवा हात मुठीवरून खाली गळून पडला. परत उचलेना.

मी तशीच उभी राहिले. जिंकले होते मी. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आप्पांनी काठी मांडीवर घेतली, डाव्या हाताने मूठ काढली, दुसऱ्या बाजूला लावली आणि घट्ट केली. आणि उरलेली चार पावलं मला डाव्या हाताने ओढत पायरीपर्यंत आणलं.

"अहो आप्पा, ही लबाडी झाली!"

"सोताच्या हातानं म्हनली हुतीस. कंच्या, त्ये बोलली न्हवतीस. डावा बी माझाच हाय."

"पण तुम्ही मूठ बदलेपर्यंत मासा थांबेल का?"

"तू थांबलीस की."

वरचं रील आज सकाळी सांगलीला कुरिअर केलं. सोबत चिठ्ठी: एडका साधारण सत्तर किलो, सून त्याहून कमी, पण ओढ तिला जास्त. मजकूर आप्पांचा आहे. माझ्या कमरेला दोराचा वळ उठलाय, त्याला हळद लावून बसलेय. समोर पायरीवर आप्पा ब्रेक ढिला करतात, बघतात, परत ढिला करतात. त्या जुन्या माशाचं नाव दोन दिवसांत निघालेलं नाही.

मालवणला फोन केला. नवऱ्याला अजून कळवलेलं नाही, तो हा ब्लॉग वाचत नाही म्हणून निर्धास्त आहे. आणि वाचतच असलास तर ऐक: बोटीवर दोन जागा सांगितल्यात. दुसरी माझी आहे.