धोट्यातला धागा

काशीराम पंचवीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होता. पण घाटकोपरच्या त्याच्या सोसायटीत हे फक्त गिरणीतल्या त्याच्या जुन्या सोबत्याला, भिवाला माहीत होतं, कारण काशीराम त्याच्याशिवाय कुणाशी बोलायचाच नाही.

तिसऱ्या मजल्यावरची प्रांजल इंग्लंडातल्या जुन्या गिरण्यांवर संशोधन करायला निधी मागत होती. अर्जासोबत इथल्या एका कामगाराची मुलाखत जोडायची होती. तिने ती भिवाची घेतली. काशीरामही त्याच गिरणीतला असं भिवाकडून कळलं, म्हणून चुका काढायला ती काशीरामकडे दिली.

‘मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा मी ओठांनी ओढून घ्यायचो,’ असं त्यात भिवा सांगत होता. काशीरामचा जळफळाट झाला. भिवाने तर जन्मभर कापडाच्या घड्या घातल्या होत्या!

“अगं, हे ओठ माझे,” तो कसाबसा म्हणाला.

प्रांजल हबकली. हे असंच गेलं असतं तर अर्जाची वाटच लागली असती. तिने भिवाला बोलावून घेतलं आणि फोन काशीरामसमोर धरला. “आजोबा, आता तुम्हीच सांगा.”

“धोटा असायचा... लाकडाचा...” पुढे त्याला शब्दच सुचेना.

“अरे काशा, तोंडात कापूस जायचा ते सांग ना! खोकलास की भाकरीवर पडायचा!” भिवाला राहवेना. मग तोच बोलत सुटला, फक्त आता ‘मी’च्या जागी ‘काशा’ म्हणत.

प्रांजलने अर्जात लिहिलं : सांगणारे भिवा, विणकर काशीराम. आपलं नाव दुसरं पाहून काशीराम पुन्हा जळला.

“मेला, माझंच आयुष्य माझ्यापेक्षा छान सांगतो.”