गादीत राहिलेली वाकडी सुई

माझी मावशी गाद्या शिवते. आपली घरातली सुई तिला पोरखेळ वाटते. तिच्याकडे चामड्यासाठी तीन धारांची सुई आहे, गादीला बटणं ओढायला वीतभर लांब, दोन्ही टोकांना अणकुचीदार अशी एक आहे, आणि धनुष्यासारखी वाकलेली एक. गादी भरली की शेवटची कड या वाकडीनेच शिवायची, कारण आतून हात घालता येत नाही आणि ही ज्या बाजूने शिरते त्याच बाजूने बाहेर येते. सुया खोचायच्या लोकरी पट्टीवर प्रत्येकीची जागा ठरलेली. मी एकदा दोघींची अदलाबदल केली, तर मावशी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या या शिस्तीचा मला वैतागच होता.

त्या दिवशी दुपारी जेवायच्या आधी तिने पट्टी उघडली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. वाकड्या सुईची जागा रिकामी होती.

"खाली पडली असेल," मी म्हटलं.

"वाकडी पडत नाही गं. गाठ मारताना मी ती कापडातच अडकवते."

सरळ सुई खोचली तर डोकं वर काढून बसते. वाकडी आत शिरली की नुसती पाठ दिसते, तीही टाक्यासारखी. सकाळी ऐन गाठीच्या वेळी टेम्पोवाला हॉर्न वाजवत आला, मावशीने घाईत दोरा कापला आणि गादी गेली.

गेली ती दोन गल्ल्या पलीकडे, म्हाताऱ्या मास्तरांकडे. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. टोचलं तरी सांगणार कसं? शिवाय त्यांची दीड वर्षांची नात दुपारी त्यांच्याच शेजारी झोपते, हे माप घ्यायला गेलो तेव्हा आम्ही पाहिलं होतं.

फोन कुणी उचलेना. मावशी अनवाणीच निघाली. वाटभर ती एकच घोकत होती, "पोरीच्या डोळ्यात जायला नको." मी तिच्या चपला हातात घेऊन मागे धावत होते.

दार सुनेने उघडलं. "हळू बोला, बाळ झोपलंय. बाबांना मात्र नवी गादी सोसत नाही. दोन तास नुसते हूं हूं करताहेत. शेवटी मी रागावले त्यांच्यावर."

आम्ही तिला बाजूला सारून आत घुसलो. नात आजोबांच्या उजव्या दंडाला चिकटून झोपली होती. मावशीने गुडघे टेकून गादीची कड चाचपली. सुई नव्हती. चादरीवर रक्त होतं.

सुनेने झडप घालून पोरीला उचललं, उलटसुलट करून पाहिलं. पोर रडायला लागली, पण अंगावर ओरखडाही नव्हता.

पोर उचलली गेल्यावरच मास्तर हलले. डावा हात त्यांनी स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला होता, तो बाहेर काढला. मूठ इतकी आवळलेली, की मावशीला एकेक बोट सोडवावं लागलं. सुई तळहातात रुतली होती.

सुनेला मग सगळं कळलं. ती पलंगाच्या कडेला बसली. "बाबा, दोन तास तुम्ही मलाच हाका मारत होतात ना?"

मास्तरांनी हो म्हणून मान हलवली.