साहेबाची बहीण

काल नातू अंगणात बुटांना पॉलिश करत होता. त्या वासानं मी थेट संतपूरच्या माळावर जाऊन पोचलो.

बिदरच्या कोर्टातली वकिली सोडून मी नुकताच तहसीलदार झालो होतो. नोकरीतला पहिलाच दौरा. ऐन उन्हाळ्यात एका लिंबाखाली टेबल-खुर्ची मांडलेली. सावली कशीबशी तेवढ्यापुरतीच. निजामाचं राज्य गेलं होतं, पण अंमलदारासमोर पायताण घालून यायचं नाही, ही रीत काही लोकांच्या अंगातून गेली नव्हती.

अर्जदारांच्या गर्दीतून माझी थोरली अक्का पुढं आली. तिला त्याच गावात दिलेली. हातात भाकरीचं गाठोडं, आणि चपला तिकडं लांब बांधावर काढून ठेवलेल्या.

“अक्का, चपला घाल की.”

“साहेबाच्या म्होरं? न्हाई बाबा.”

मग मीच वाकून बुटाची नाडी सोडू लागलो. ती घाबरलीच.

“कामून काढायलास? माणसं बघायलेत! गुमान जेव.”

मी नाडी पुन्हा आवळली आणि खुर्चीत बसून जेवलो. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण. अक्का समोर उन्हात एक पाय टेकवत, दुसरा उचलत उभी.

“भाजायलंय का गं?”

“साहेबाच्या बहिणीला काय भाजतंय रे!”

आणि ती हसली. त्या दिवशी मला तिचं ते हसूच तेवढं दिसलं. आता चेहरा आठवू गेलं तरी मान वर होत नाही. नुसते पाय दिसतात.