बाबांचा जादूगार ठरेना

माझ्या सासऱ्यांना चपला घ्यायच्या असल्या की वसईतली सगळी दुकानं पालथी घालून होतात आणि शेवटी जुन्याच चपला शिवून आणल्या जातात. लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी लग्न मी केलंच असतं, पण रविवारच्या खेळात त्यांना घेण्याआधी जरा विचार केला असता.

हा खेळ आमचा कॉलेजपासूनचा. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. मी गोष्ट सांगत जाते आणि त्या गोष्टीत आपलं पात्र काय करतं ते ज्यानं त्यानं बोलायचं. जमलं की फसलं हे फासे ठरवतात. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तरी रविवारी दुपारी जेवणं आटपली की मंडळी माझ्याकडे जमतात. त्यातली एक मैत्रीण दातांची डॉक्टर आहे. एक मित्र तुळिंजहून येतो, रिक्षावाल्याशी भांडून आलेला असतो, त्यामुळे योद्धा तोच.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बाबा, म्हणजे सासरे, गिरीजची केळीची वाडी सोडून आमच्या फ्लॅटवर राहायला आले. पहिल्याच रविवारी टेबलावर फासे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"घरात जुगार?"

"जुगार नाही बाबा, खेळ आहे. पैसे लावत नाही आम्ही."

"मग फासे कशाला?"

तरी ते स्टुलावर पाय टाकून सोफ्यावरून बघत राहिले. पुढे आमच्यातल्या एकाची बंगळुरूला बदली झाली. तोच नेमका जादूगार होता, आणि जादूगाराशिवाय आमची टोळी गोष्टीतल्या भुयाराच्या तोंडाशी अडकून पडली. बाबा म्हणाले, "त्याच्या जागी मी बसतो."

मला खरंच आनंद झाला. अर्ध्या तासात पात्र ठरवू आणि चार वाजेपर्यंत भुयारात शिरू, असा माझा हिशोब.

"बाबा, आधी क्लास निवडायचा."

"क्लास? या वयात शिकवणी?"

"शिकवणी नाही. जादूगाराचा प्रकार. त्याला जादू येते कुठून, ते ठरवायचं." मी समजावून सांगितलं. एक जण पोथ्या वाचून शिकतो. एकाच्या रक्तातच जादू असते. एकाला देवाच्या कृपेनं मिळते, एकाला झाडांकडून आणि जनावरांकडून. आणि एक जण कुठल्यातरी भयंकर शक्तीशी करार करून ती मिळवतो.

बाबांनी चष्मा पुसला. चपलांच्या दुकानात ते असाच चष्मा पुसतात.

"ती पोथी पावसात भिजली तर?"

"भिजत नाही बाबा."

"वसईत राहून असं बोलतेस? गेल्या वर्षी पार्किंगमध्ये किती पाणी होतं?"

पोथीवाला बाद झाला. रक्तातली जादू आईकडून येते की वडिलांकडून, आणि भावंडांनी वाटा मागितला तर काय, यावर वीसेक मिनिटं गेली. देवाच्या बाबतीत, खेळातले देव ओळखीचे नाहीत, अनोळखी देवापुढे हात जोडणार नाही, असं ते म्हणाले. मग मैत्रिणीनं अगदी गोड आवाजात सुचवलं, "काका, झाडांवाला घ्या ना. तुमची तर केळीची वाडी आहे."

"आयुष्यभर केळीच केली ना मी," बाबा म्हणाले. "रविवारी तरी सोड मला."

"मग करारवाला?"

"तो करार वारसांवर येतो का? सातबाऱ्यावर चढतो का?"

त्या रविवारी भुयारात कुणीच गेलं नाही. चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला आणि सगळे घरी गेले.

नंतरचा आठवडा मी विसरायचा म्हटलं तरी विसरणार नाही. बाबांनी गिरीजला त्यांच्या बहिणीला फोन लावला. ती दोघं घरच्या बोलीत बोलतात, मला त्यातलं अर्धंच कळतं, पण मध्येच "जादूगार" आणि "सूनबाई" हे शब्द येत होते आणि पलीकडून आत्या मोठमोठ्यानं हसत होत्या. मग त्यांनी न्हाव्याला विचारलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलं. गेटवर होळी बाजारातून भाजी घेऊन येणाऱ्या बाई मला मेथी देता देता म्हणाल्या, "काकांना सांगा, करार नका करू म्हणावं. फसवतात." लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "ठरलं का गं त्यांचं?" त्यांच्या आवाजात एवढी काळजी होती की आमच्याकडे स्थळ बघणं चाललंय, असं कुणालाही वाटलं असतं.

पुढच्या रविवारी बाबांनी पुन्हा पोथीपासून सुरुवात केली. मित्रानं कपाळ टेबलाला टेकवलं. मैत्रीण म्हणाली, "काका, माझे पेशंट दाढ काढायलासुद्धा एवढा वेळ लावत नाहीत." शेवटी मीच म्हटलं, "बाबा, पाच मिनिटांत सांगा, नाहीतर मी माझ्या मनानं काहीतरी ठरवते."

बाबा उठले. काठी घेतली आणि आतल्या खोलीत गेले.

मी मागोमाग गेले. ते पलंगावर बसून गुडघ्यावरून हात फिरवत होते.

"वाडी वडिलांनी गळ्यात घातली," ते म्हणाले. "नोकरी मामानं लावली. मुलगी आईनं पाहिली. हे ऑपरेशनही तुम्हीच ठरवलंत. काय हवं हे कधी नव्हे ते कुणी विचारलं, आणि तू घाई करतेस."

त्यांचं खोटं नव्हतं. पण मागच्याच महिन्यात पंख्यासाठी मी त्यांच्याबरोबर दुपारभर उन्हात फिरले होते, तेही विसरता येईना.

"बाबा, पंखा घेताना तुम्हालाच विचारलं होतं की."

"पंखा घरासाठी होता."

मी म्हटलं, "बरं. हवा तेवढा वेळ घ्या. पण बाहेर बसून घ्या."

ते बाहेर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "करारवाला. बाकीच्यांना जे मिळतं ते घ्यावं लागतं. याला घासाघीस तरी करता येते. बोलाव तुझ्या त्या शक्तीला."

ती शक्ती म्हणजे मीच. गोष्ट सांगणाऱ्यालाच राक्षसांचे, राजांचे, सगळ्यांचे आवाज काढावे लागतात. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मी काळ्या डोहाचा स्वामी. बोला, तुम्हाला काय हवंय?"

बाबा खुर्चीत मागे टेकले. "एवढी मोठी शक्ती, आणि मला अहो-जाहो करते? म्हणजे गरज तिला आहे. मी भाव वाढवणार."

मैत्रीण खो खो हसायला लागली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि सासऱ्यांना "तू" म्हणायला माझी जीभ रेटेना. बाबा मात्र एकेक अट घालत सुटले. पावसाळ्यात बोलवायचं नाही. दुपारी दोन ते चार झोपेची वेळ. गुडघे टेकणार नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे. माझ्यानंतर मुलावर काही बोजा नको. डोहाचा स्वामी प्रत्येक अटीला "ठीक आहे" म्हणत गेला, कारण स्वामीला पाचच्या आत भुयारात शिरायचं होतं. सगळं मान्य झाल्यावर बाबा म्हणाले, "आता पोथीवाल्याकडचा भाव काढून येतो. तोवर थांबा."

तेव्हा माझा संयम सुटला.

"म्हाताऱ्या!" मी टेबलावर हात आपटला. "किती दिवस नाचवणार आहेस? तुझ्या अटी ऐकून माझा डोह आटला! करार घ्यायचा तर घे, नाहीतर चालता हो इथून!"

मित्राच्या हातातला फासा खाली पडला. दारात माझा नवरा उभा होता, वाडीवरून आलेला, खांद्यावर केळीचा घड. त्यानं एवढंच ऐकलं होतं.

"अगं, बाबांशी असं बोलतेस?"

"तू मध्ये पडू नकोस," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "व्यवहार चाललाय." मग माझ्याकडे वळून डोहाच्या स्वामीला शांतपणे म्हणाले, "आता कसं बोललास. मंजूर."

नवरा घड घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी पाणी प्यायले. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. अख्ख्या आठवड्यात एवढं बरं वाटलं नव्हतं.

सव्वापाचला आम्ही भुयारात शिरलो. पहिल्याच वळणावर एक घाणेरडा बुटका राक्षस समोर आला. बाबांनी मंत्र टाकला, फासा फेकला, सगळ्यात वाईट आकडा पडला, एक. मंत्र भिंतीला लागला.

बाबांनी फासा उचलून उजेडात फिरवून बघितला, नारळ निवडताना बघतात तसा.

"माल खराब दिलाय," ते म्हणाले. "हा बदलून मिळेल का?"